राखणीचा कोंबडा

माझा जन्म कोकणातला, कणकवलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमची वाडी, पण मला तुम्ही कोकणातली नका म्हणू, कारण सोळाव्या वर्षी लग्न होऊन ह्या चिंचपोकळीच्या चाळीत आली ती आजपर्यंत इथेच, म्हणजे बघा तिकडची सोळा आणि इकडची बावन्न, आता मी कुठली ते तुम्हीच ठरवा. पण कोंबड्या मात्र तिकडून शिकून आली. माझी आई सकाळी खुराडं उघडायची तेव्हा मला बाजूला उभी करायची. बोलायची, कोंबडीला आधी हात नाय लावायचा, आधी डोळे लावायचे. कोण पहिली धावत बाहेर पडली, कोण शेवटी आली, कोण बाहेर येऊन पण दाण्याकडे बघत नाय. कोंबडीची जात लबाड. आजारी असली तरी दिवसभर टोच टोच मारल्याचं नाटक करते, कारण बाकीच्यांना कळलं तर त्याच तिला टोचून मारतील. फक्त सकाळी उघडलं की पहिल्या घटकेला तिला नाटक करायचं सुचत नाय. तेवढ्यात बघून घ्यायचं.

इथे चाळीत आमची खोली तळमजल्याची, शेवटची. मागे बोळ, बोळाच्या पलीकडे रेल्वेची भिंत. सासूने तिथे लाकडी पेट्यांचं खुराडं केलेलं आधीपासून, मी आली ती त्याच्यातच पडली. नवरा गिरणीत, नंतर गिरणी गेली, तो कुठे कुठे वॉचमन झाला, आता तो पण नाय. सासू गेली. कोंबड्या राहिल्या. मुलगा ऑफिसात आहे, लोअर परळला, काचेच्या बिल्डिंगमधे, तो बोलतो आई बस झालं आता, वास येतो. मी बोलली, तू लहान होतास तेव्हा ह्याच वासात अंडी खाऊन मोठा झालास, तेव्हा नाक कुठे ठेवलं होतंस?

काय सांगू तुम्हाला, लालबाग, काळाचौकीपासून लोक यायचे माझ्याकडे. अजून येतात. कोणाची कोंबडी अंडं अडकून बसली, तिला कोमट पाण्यात बसवायची, खालून खोबरेल लावायचं, हळू, घाई केलीस तर आत फुटेल आणि मग ती गेली. कोणाच्या कोंबडीला गळ्याखाली दाणा साचून दगड झालेला, त्याला तेल पाजून चोळायचं. तोंडावर देवीचे फोड आले तर हळद आणि खोबरेल. उवा झाल्या तर चुलीची राख, आता चुली कुठल्या, मी त्या तंदूरवाल्याकडून राख आणते. ती टोपात ओतून ठेवली की कोंबड्या स्वतःच लोळून आंघोळ करतात. परवा त्या समोरच्या टॉवरमधून एक बाई आली, हातात गुलाबी रंगाचं पिल्लू, गाडीवर घेतलेलं, बोलते आंटी हे चिक चिक करत नाय, मी नेटवर सगळं बघितलं. मी बोलली, बाई, नेटवर बघितलंस, आता जरा पिल्लाकडे पण बघ, ते गारठलंय, त्याला एसीतून बाहेर काढ. बल्बखाली ठेवलं, तासाभरात ओरडायला लागलं. ती मला पाया पडायला लागली. मला लाज वाटली हो. लोक पाया पडतात ना, तेव्हा मला ती गोष्ट आठवते, जी मी आज तुम्हाला सांगायला बसली आहे.

त्याच्या आधी लसीचं सांगते, नायतर तुम्हाला कळणार नाय. कोंबड्यांचा सगळ्यात वाईट आजार म्हणजे मानमोडी. डॉक्टर लोक राणीखेत बोलतात. हिरवी पातळ हगवण, छातीत घरघर, पंख लोंबतात, आणि मग मान पिळली जाते, अशी, मागे, आकाशाकडे. त्याला औषध नाय. हळद नाय, लसूण नाय, काय नाय. आधी लस दिलेली असली तर वाचली, नायतर गेली. हे मला परळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या त्यांनी शिकवलं, देवमाणूस. लस कशी द्यायची ते पण त्यांनीच शिकवलं, डोळ्यात एक थेंब, बस. पण बाटली एकदा फोडली की दोन तासांत संपवायची, आणि बर्फात ठेवायची. एका बाटलीत शंभर कोंबड्यांची लस, आणि माझ्याकडे अकरा. मग मी काय केलं, आजूबाजूच्या दोन-तीन चाळींत सांगून ठेवलं की अमुक रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या घेऊन बोळात यायचं. मच्छीवालीकडून बर्फ घ्यायचा, थर्मासमधे बाटली. कोणी पिशवीत, कोणी टोपलीत, कोणी काखेत कोंबडी धरून लाईन लावायचे. मी थेंब घालायची आणि बाजूला रतन पायाला लाल दोरा बांधायची, म्हणजे झालेली कुठली ते कळावं.

रतन म्हणजे माझ्या बाजूची. भिंतीला भिंत. ती पण कोकणातली, आमच्यापेक्षा खालची, मालवणकडची. लग्न होऊन आली माझ्यानंतर दोन वर्षांनी. आम्ही दोघी बाळंतपणं एकमेकींची केली, भांडलो पण एकमेकींशीच. तिचा नवरा गावाहून कोंबड्या घेऊन आला होता, टोपलीत, एक लाल कोंबडा आणि तीन कोंबड्या, गावठी, मानेला पिसं नसलेल्या. त्यांचीच पुढे वंशावळ चालली. बाहेरची कोंबडी त्याने कधी आत घेतली नाय. बोलायचा, हे माझं गाव आहे, बोळात. तो गेला तेव्हा बारावा-तेरावा झाल्यावर रतन मला बोलली, माणूस गेलो, आता हीच माझी माणसां. पण त्या पण कमी होत गेल्या, म्हाताऱ्या झाल्या, दोन मांजराने नेल्या, कोंबडा गेला. शेवटी राहिल्या दोन. त्या दोन्ही खुडूक झाल्या तशी तिने साठवलेली अंडी घालून दोघींना एकदम उबवायला बसवलं. अंडी त्या कोंबड्याच्या मागची शेवटची. फुटली तर वंश चालला, नायतर खलास. तिने त्या पेट्यांवर तिच्या नवऱ्याचं जुनं धोतर टाकलं होतं, थंडी लागू नये म्हणून.

त्याच वर्षी माझ्या घरात नात होती, वर्षाची व्हायची होती. ओवी. ती सातव्या महिन्यात जन्मली, महिनाभर काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून गावच्या राखणदाराला बोलली, शिवेवरच्या, की बाबा, ही जगली तर वर्षाच्या आत तुला राखण देईन, माझ्या हाताने वाढवलेला लाल कोंबडा, अंगावर डाग नाय, व्यंग नाय. जगली हो. मग मी एक पिल्लू बाजूला काढलं आणि त्याला देवाच्या नावाने सोडलं. आता आमच्याकडे काय, माझ्या सासूचं सांगणं, की एकदा देवाच्या नावाने ठेवला की त्या कोंबड्याला औषध नाय, सुई नाय, कात्री नाय. राखायचा तो देवाने राखायचा. माणसाने मधे हात घातला तर ती राखण उष्टी झाली. सासूचं बाकी मी काय ऐकलं नाय कधी, पण हे ऐकलं.

तर त्या वर्षीचा लसीचा रविवार आला. माझ्या सगळ्या कोंबड्यांना थेंब घातले, कोंबडा सोडून. रतनच्या दोघी अंड्यांवर बसलेल्या, ती बोलली उठवूया नको, अंडी थंड पडतील. मी बोलली बरोबर आहे, पिल्लं निघून जरा मोठी झाली की पुढच्या बाटलीला एकदमच देऊ. ह्यात माझी चूक नव्हती. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं माझं आहे.

बारा पिल्लं निघाली. चौदातली बारा. रतनने चाळीत पेढे वाटले, खरं सांगते, पिल्लांचे पेढे, लोक हसले. पिल्लं दीडेक महिन्याची झाली, पंखावर लाल पिसं दिसायला लागली, तिच्या नवऱ्याच्या कोंबड्याची. आणि मला राखण द्यायला गावी जायला वीस दिवस उरले होते. एक दिवस सकाळी मी खुराडं उघडलं. सगळ्या बाहेर पडल्या. कोंबडा शेवटी आला. दरवाजात उभा राहिला, शेपूट खाली. मी दाणे टाकले. त्याने बघितलं पण नाय. खाली फळीवर बघितलं तर हिरवं पाणी. मी त्याला उचलला, छातीला कान लावला. आत घरघर, पाणी कमी पडलेल्या हुक्क्यासारखी. मला कळलं. काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणाला कळलं, कुठला डॉक्टर नको होता.

आता मी काय करायला पाहिजे होतं? लोकांना मी काय सांगते? कोंबडा लांब न्यायचा, पाण्याची भांडी उकळायची, हात धुवायचे, बोळात चुना मारायचा, आणि ज्याच्या कोंबड्यांना लस नाय त्याला धावत जाऊन सांगायचं, बाबा तुझी पिल्लं घरात घे, वरच्या मजल्यावर ने. दहा जणांना सांगितलंय मी हे. आणि मी काय केलं? देवाचा अंगारा आणून त्याच्या तुऱ्याला लावला. कारण मी मोठ्याने मानमोडी बोलली असती तर मुलगा बोलला असता काप आणि टाक. आणि राखणीचा कोंबडा राखणीच्या आधी मेला म्हणजे काय? म्हणजे देवाने नाकारला. म्हणजे ओवीचं काय? माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची पेटी आली. मी मनात बोलली, सर्दी असेल. मी! मी स्वतःला बोलली सर्दी असेल.

तेवढ्यात रतन आली, हातात पिल्लांची कणी. बोलली, गो सुमन, कोंबडो गप कसो आज? मी बोलली, थंडी लागली जरा. तिने माझ्या हातातून त्याला घेतला, पदरात गुंडाळला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बोलली, बरो हो रे बाबा, चेडवाची, आमच्या ओवीची राखण हस तू. मग माझ्या हातात दिला आणि वळली, आणि तशीच गेली पिल्लांकडे, त्याच हातांनी त्यांना कणी घालायला. मी बघत होती. चार पावलं होती हो. रतन, हात धू. एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. पण ती विचारेल ना, का? म्हणून नाय बोलली. ती खाली बसली, पिल्लं तिच्या हातावर चढली, आणि मी घरात जाऊन चहा ठेवला.

कोंबडा चौथ्या दिवशी मेला. मी तो मुलगा-सून कामावर गेल्यावर पिशवीत घालून बोळाच्या टोकाला, भिंतीच्या कडेला चुना घालून पुरला, आणि सगळ्यांना सांगितलं की भाचा गावी चालला होता त्याच्याबरोबर पुढे पाठवून दिला. दोन दिवसांनी रतनने हाक मारली. एक पिल्लू गोल गोल फिरत होतं, मान आकाशाकडे. मग दुसरं. मग सगळी. मी जाऊन बसली तिच्या बाजूला, गुळाचं पाणी पाजलं, चमच्याने, नाटक केलं सगळं, कोंबडी करते तसं. आठ दिवसांत बारा पिल्लं आणि त्या दोघी आया. माझ्या अकरातली एक पण नाय गेली, त्यांच्या पायाला लाल दोरे होते. शेवटची कोंबडी गेली तेव्हा रतन रडली नाय. बोलली, सुमन, कशान गो झाला? तुज्या बऱ्या आणि माज्याच कश्या गेल्या? आणि मी, आता बघा माणूस किती नीच असतो, मी तिला बोलली, तू मागल्या पंधरवड्यात भायखळ्याला भाजी आणायला गेलीस ना, तिथे कोंबडीवाल्यांच्या गाळ्यांसमोरून चालत आली असशील, चपलेला लागून आलं असणार. ती आपल्या चपलेकडे बघत बसली. बोलली, म्हणजे मीच आणलंय.

गावी मी एकटीच गेली आणि राखण दिली. भायखळ्याहूनच एक लाल कोंबडा विकत घेतला, थेट बसमधे. त्याच्या एका पायाची नखी तुटलेली होती. पुजाऱ्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याने गाऱ्हाणं घातलं, मी डोळे मिटले नाय. डोळे मिटायची हिंमत होईना.

परत आली तर बघते, रतनने बोळाच्या तोंडाशी एक बादली ठेवलेली. बाहेरून आली की चपला रस्त्याकडेच काढायच्या, बादलीतल्या पाण्याने पाय धुवायचे, साबणाने, आणि मगच आत यायचं. मी माझ्या कोंबड्यांची अंडी तिला दिली, माझ्याच एका खुडूक कोंबडीखाली उबवून पिल्लं दिली, तिने ती वाढवली. पण बादली गेली नाय. चार वर्षं, रोज. तिचे गुडघे गेलेत, वाकता येत नाय, तर भिंतीला एक हात टेकवून एकेक पाय घासते. थंडीत पण. लोक बोलायचे काय हे वेड. ती बोलायची, माज्या पायान चौदा जीव गेले. आणि मी खिडकीतून बघायची. आणि ती ओवीला मांडीवर घेऊन भरवते, तिच्या केसांतून हात फिरवते, बोलते, उदंड आयुष्य घाल रे राखणदारा ह्या चेडवाक. आणि चाळीत कोण आजारी कोंबडी घेऊन आला की त्याला सांगते, सुमनकडे जावा, तिच्या हाताक गुण हा. हाताला असेल हो. तोंडाला नव्हता.

गेल्या महिन्यात ती पाय धुताना घसरली. फार नाय लागलं, ढोपर फुटलं. मी हळद लावत होती. ती बोलली, पापाचा फळ असता गो, फेडूक होया. मग माझ्याने राहवलं नाय. मी हळदीच्या हाताने तिचा पाय धरला आणि सगळं सांगितलं. सकाळ, हिरवं पाणी, घरघर, भिंतीकडे पुरलेला कोंबडा, चपला. काय पण ठेवलं नाय. मी रडत होती, ती नव्हती. मला वाटलं थोबाडीत मारेल, मारली असती तर बरं झालं असतं. ती बोलली, आणि राखण? राखण कसली दिलंस मगे? मी ते पण सांगितलं, नखी तुटलेली ते पण. तेव्हा तिचा चेहरा उतरला. पिल्लांचं ऐकून उतरला नव्हता. बोलली, देवाकय फसवलंस? चेडवाच्या नावान? पाय सोडवून घेतला आणि आत गेली.

आठ दिवस ती माझ्या दारात आली नाय. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. मग लसीचा रविवार. मी बोळात बसली, थर्मास, बर्फ, लाईन. दोरा बांधायला सून बसली, पहिल्यांदा. सगळे गेले आणि शेवटी रतन आली. एकेक कोंबडी पुढे धरली, मी थेंब घातला, तिने माझ्याकडे बघितलं नाय. शेवटी तिचा कोंबडा. लाल. कुठे डाग नाय, पायाची नखं बघितली मी, सगळी शाबूत. तिने त्याचं डोकं धरलं आणि बोलली, ह्येका पण घाल. मी घातला. पहिला थेंब चोचीवर गेला, दुसरा डोळ्यात. मग तिने कोंबडा माझ्या मांडीवर ठेवला. बोलली, ह्यो ओवीचो. गावाक ने आणि दी. औषध घातला म्हणान देव रागावत नाय, खोटा बोलला तर रागवता. त्या चेडवाचो काय दोष?

तो कोंबडा बघा, तिकडे, पेटीवर चढलाय तो. पुढच्या महिन्यात नेणार. ह्या वेळी सुनेला, मुलाला पण सगळं सांगितलं, ओवीला पण नेणार.

पण बादली तिथेच आहे, तुम्ही येताना बघितली असेल. मी तिला परवा दारातून बोलली, रतन, आता तरी नको धुवू गो पाय, आता तुला माहीत आहे ना, तू नव्हतं आणलं. ती भिंतीला हात टेकवून उभी होती. साबण लावता लावता बोलली, आता भायखळ्यासून येतंय म्हणान नाय धुवत. तुज्या दारासून येतंय म्हणान धुतंय.

बरोबरच बोलली. ओवी तिच्याकडेच आहे बघा आता, सकाळी उठली की पहिली तिच्याकडे पळते, आणि रतन तिला उचलून घेते आणि अजून तेच बोलते, उदंड आयुष्य. माझ्या नातीला ती देते, तेवढं मला पुरे. तुम्ही हे लिहा, जसं सांगितलं तसं लिहा, माझं नाव बदलू नका. आणि जाताना हात धुऊन जा हो, तुम्ही मघाशी कोंबडीला हात लावलात.